मानेतली शीर : एका पुतळ्याचं प्रकरण

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात गुरुजी उभे आहेत. धोतर, बंद गळ्याचा कोट, टोपी, डाव्या हातात मिटलेली छत्री. छत्रीचं टोक जमिनीपासून चार बोटं वर. पुतळा ब्राँझचा, फीत लावली तर ५ फूट ११ इंच. कागदावर तो ६ फुटांचा ठरला होता, आणि ब्राँझचा नव्हे तर काळ्या पाषाणाचा ठरला होता. साडेतीन महिने तो पाषाणाचा होतही होता.

मधे जे घडलं ते मी जवळून बघितलं, थोडंफार माझ्या हातूनही घडलं. मूर्ती घडवणारे, धातू ओतणारे आणि पुतळ्यासाठी वर्गणी काढणारे अशा तिन्ही तऱ्हेची माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून आकड्यांसकट लिहितो. माणसांची आणि गावाची नावं घेत नाही. शिल्पकाराला सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच लिहितो. मी स्वतः बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामात काढली. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची कव्हरं. माणसाचा चेहरा ओतायची वेळ कधी आली नव्हती.

आप्पा आणि त्यांचा दगड

आप्पांचं वय साठीच्या आसपास. खानापूर रस्त्याला पत्र्याची शेड, पुढे चिंचेचं झाड. वडील जाती, उखळ, पाटा-वरवंटा करायचे आणि बाजाराच्या दिवशी बैलगाडीनं नेऊन विकायचे. मिक्सर आला आणि तो धंदा दोन-चार वर्षांत बसला. आप्पा तरुणपणी कोल्हापूरला गेले, एका पुतळेवाल्याच्या शेडमध्ये माती मळण्यापासून शिकले. बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री या शिल्पकारांच्या शहरात मातीत चेहरा काढणारे हात तेव्हा बरेच होते. परत आले ते दोन्ही विद्या घेऊन. बापाकडून दगड, कोल्हापूरकडून माती. पण इथं पोट भरलं ते तिसऱ्याच कामावर. मारुती, नंदी, नागशिळा यांच्या ऑर्डरी वर्षाला पाच-सहा. उरलेले दिवस स्वयंपाकघराचे ग्रॅनाइटचे ओटे कापणं. बारा-तेरा वर्षं त्यांनी ओटे कापले. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

दगडाच्या बाबतीतही आपला भाग सीमेवरच आहे. दख्खनचा काळा दगड उत्तरेकडून येतो आणि बेळगावच्या आसपास संपत जातो. त्याच्यावर खानापूरच्या बाजूला जांभ्याचं टोपण, चिरे काढतात तो. पूर्वेला गोकाकला वाळूचा दगड, ज्याच्यावरून घटप्रभा खाली उडी घेते. दक्षिणेला सरकलं की हिरवट-काळा मऊ शिस्ट आणि ग्रॅनाइट. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छतातलं कमळ या मऊ दगडात कोरलेलं आहे. त्या दगडावर साध्या सुरीनं ओरखडा उठतो. काळ्या बेसाल्टवर सुरी घासली तर सुरीच झिजते. हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. मोबाइलमध्ये बसदीचा फोटो काढून आणतात आणि म्हणतात, "आप्पा, हे असलं काळ्या पाषाणात पायजे." आप्पा दर सांगतात, मग फोटो खिशात जातो.

शेडवर येणारा दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ऐकवणारा. आप्पांचं उत्तर ठरलेलं आहे: "दगडाला काय हुतंय? घाव मनगटाला लागत्यात."

ऑर्डर

गुरुजी या गावात चाळीसेक वर्षांपूर्वी आले, रात्रशाळा काढली, पावसात वाड्या-वस्त्यांवर फिरून पोरं गोळा केली. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला छत्रीचा अर्थ सांगायला नको. ते गेल्यावर माजी विद्यार्थ्यांनी समिती केली. अध्यक्ष एक निवृत्त सुभेदार. जागा आधी गावच्या तिकटीवर ठरली होती, पण सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. तो कोणीतरी वेळेवर दाखवला आणि पुतळा शाळेच्या आवारात गेला. समित्यांनी हे आधी बघावं. चौथरा बांधून पुतळा गोणपाटात गुंडाळून ठेवलेली गावं मी बघितली आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आप्पांनी लेटरहेडवर कोटेशन दिलं. पाच ओळी होत्या. काळा पाषाण, उभा पुतळा, उंची ६ फूट. छत्री व पुस्तक. एकूण रुपये ४,५०,०००. आगाऊ १,५०,०००, मध्यंतरी ५०,०००, बाकी बसवताना. मुदत १५ ऑगस्ट. खाली आप्पांची सही, समितीचा शिक्का. दगडात दोष निघाला तर काय, याबद्दल अक्षर नाही. मी नंतर इतर चार-पाच शिल्पकारांची कोटेशनं मागून बघितली. कोणाच्याही कागदावर ती ओळ नव्हती.

दगड आप्पांनी स्वतः खाणीवर जाऊन निवडला. सुरुंगानं उडवलेला घेतला नाही, कारण स्फोटाच्या हादऱ्यानं आत केसासारख्या चिरा जातात आणि वर्षभरानं त्या उघडतात. पाचरा मारून काढलेलाच पाहिजे म्हणाले. खाणवाला कानडीत म्हणाला, "कल्लु छलो ऐति." दगड चांगला आहे. आप्पांनी हातोड्यानं सहा ठिकाणी वाजवला, नाद खणखणीत. मग बादलीभर पाणी ओतलं आणि उन्हात दगड सुकताना बघत बसले. कुठं चीर असली तर पाणी त्यात धरून राहतं, बाकी दगड वाळला तरी तिथं काळी रेघ ओली दिसते. अशी रेघ दिसली नाही. साडेसहा फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, पावणेदोन फूट जाड, म्हणजे साडेपंचवीस घनफूट. काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या वर भरतो. धोंडा दोन टनांचा. क्रेनसकट शेडवर पडेपर्यंत ८०,००० रुपये गेले.

काम सुरू झालं. आधी दोन फुटांचा मातीचा नमुना, त्यावरून कंपासनं मापं घेऊन दगडावर खडूच्या रेघा, ग्राइंडरनं खाचा, मग छन्नी-हातोडा. पूर्ण पुतळा साधारण सहाशे किलोचा झाला असता. म्हणजे दोन टनांतला सत्तर टक्के दगड कपच्या होऊन खाली पडायचा होता. दगडातला माणूस अंग आवळून उभा राहतो, याचं कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सुटा हात काढायचा म्हणजे बगलेतला सगळा दगड काढायचा, आणि सुटा हात उचलताना पहिला मोडतो. छत्रीचं तेच. आप्पांनी ती धोतराला चिकटवून, टोक पायाच्या अंगठ्याजवळ टेकवून बसवली होती.

मान

मार्चचा दुसरा आठवडा. डोकं, खांदे, कोटाचा वरचा भाग आकाराला आला होता. आप्पा डाव्या कानामागं पोगर (बारीक छन्नी) चालवत होते. ते म्हणतात, आधी आवाज बदलला. खण् खण् चाललं होतं, एक घाव बद्द वाजला. त्यांनी हात थांबवला, फुंकर मारली, पाणी लावलं. कानामागून निघून तिरकी गळपट्टीपर्यंत गेलेली पांढरी शीर, सुतळीएवढी जाड.

ती आधी का दिसली नाही? चीर रिकामी असली तर नाद बिघडतो आणि पाणी धरतं. ही रिकामी नव्हती. लाव्हा थंड झाल्यावर बेसाल्टमध्ये ज्या भेगा राहतात, त्यांतून पाणी झिरपत राहून पुढच्या काळात त्या चुनखडीच्या किंवा गारेच्या (क्वार्ट्झच्या) स्फटिकांनी भरून येतात. भरलेली शीर अखंड दगडासारखीच वाजते आणि पाणीही पीत नाही. दोन्ही परीक्षा ती पास होते. पण ते भरण बाजूच्या दगडापेक्षा ठिसूळ असतं, आणि भोवतालचा दगड काढून मान बारीक केली की सगळा भार त्या सुतळीवर येतो. आप्पांनी निवडताना काही चुकवलं असं मला वाटत नाही.

चूक झाली ती पुढं. आठ दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शेडमध्ये येऊन ते नुसतं धोतराच्या चुण्या काढत बसायचे, मानेकडं बघायचे नाहीत. कामावरच्या दोघांपैकी एकानं टेम्पोवाल्याला सांगितलं, टेम्पोवाल्यानं गावात. नवव्या दिवशी सुभेदार मोटारसायकलवरून हजर.

"आप्पा, मान निघाली म्हणं गुरुजींची?"

"निघाली न्हाई. शीर हाय."

"मग आम्हाला का सांगितला न्हाईसा?"

"काय सांगू सुभेदार? वाजवून बघितलो, पाणी मारून बघितलो, उन्हात ठेवून बघितलो. आनि काय करायचं हुतं मी?"

हे उत्तर खरं होतं, पण सुभेदारांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांना आठ दिवसांचा हिशेब हवा होता. गावात तोवर आप्पांनी स्वस्तातला दगड आणला अशी बोलवा झाली होती, आणि ती पुढं कधीच पूर्ण पुसली गेली नाही. पहिल्याच संध्याकाळी फोन केला असता तर निम्मं भांडण वाचलं असतं असं माझं मत आहे. आप्पांना ते मान्य नाही. ते म्हणतात, पहिल्या दिवशी मला स्वतःलाच पटत नव्हतं, दुसऱ्याला काय पटवू.

शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. तांत्रिक दृष्ट्या सोपा मार्ग होता: मानेतून स्टेनलेसची सळई घालायची, शिरेत दगडाची भुकटी मिसळलेलं इपॉक्सी भरायचं. स्मारकाच्या कामात असं करतात. पण सभेत कोणीतरी "भंगलेली मूर्ती" हा शब्द काढला आणि विषय संपला. खंडित मूर्ती पुजत नाहीत हा देवाचा नियम. तो गुरुजींना लागला. शेवटी गुरुजींची मुलगी उठली. "बाबांची मान चिकटवलेली मला चालणार नाही. पितळेचा करा, नाही तर राहू दे." आपल्याकडे ब्राँझलाही पितळच म्हणतात. नवा धोंडा आणायचा तर पुन्हा तोच जुगार, आणि तोही पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणून धातूचा ठरला.

समितीतल्या एकानं विचारलं, "आता हाच साच्यात ओतायचा न्हवं?" ही समजूत सगळ्यांचीच होती, खरं सांगायचं तर माझीही.

माती, मेण आणि माझी चूक

दगडात काम वरून आत जातं, काढत काढत. मागे साचा उरत नाही. धातूला आधी पूर्ण मापाची माती लागते. म्हणजे साडेतीन महिन्यांतलं दोन फुटांच्या नमुन्याखेरीज काहीही कामी येणार नव्हतं. लोखंडी सांगाडा उभा केला, खानापूरहून माती आणली. खानापूरची माती कौलांना आणि कुंभारकामाला नावाजलेली, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. आप्पांना ती हाताला ओळखीची.

माती लागली आणि गुरुजी बदलले. मुलगी एक दिवस शेडवर आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छत्री ते कधी टेकवायचे नाहीत. टोक झिजतं म्हणायचे." दगडात टेकवण्यावाचून इलाज नव्हता. आता छत्री अंगापासून सुटी झाली, वर उचलली गेली, आणि तिच्या वजनानं डावा खांदा किंचित खाली आला. त्या खांद्यामुळं पुतळा माणूस झाला असं मला वाटतं. पाषाणाचा पूर्ण झाला असता तर तो देखणा झाला असता, पण गुरुजी इतके आले नसते.

मातीवरून प्लॅस्टरचा साचा, साच्यात आतून मेणाचा थर, पाच-सहा मिलिमीटर. मेणाच्या कवचात गाभा, बाहेरून प्लॅस्टर आणि विटांच्या भुकटीचं जाड आवरण, मग भट्टीत भाजून मेण वितळवून काढायचं. मेण होतं तिथं धातू जातो. पुतळा पाच तुकड्यांत ओतायचा ठरला. धातू ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. घोटाळा जस्ताचा असतो. तांबं १०८५ अंशांना वितळतं, जस्त ९०७ लाच उकळायला लागतं. म्हणून मुशीवर, धातू वितळवायच्या भांड्यावर, पांढरा धूर दिसतो, आणि तो अंगात गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. कामगार यावर गूळ खातात. गूळ आपल्या भागात चांगला मिळतो, एवढाच त्याचा संबंध.

जुलैत ओतायला बसलो. आवरणं दोन दिवस भाजून तयार होती, आणि ऐन वेळी लाइट गेली. ब्लोअर बंद, मूस तापेना. साचे रात्रभर ताडपत्रीखाली राहिले, बाहेर पाऊस. सकाळी आप्पांच्या भाच्यानं विचारलं, "मामा, साचे परत भाजायचे काय?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, गरज नाही. बीडाच्या कामात हिरवी वाळू म्हणजे ओलीच वाळू. तीन-चार टक्के पाणी तिच्यात असतंच आणि आम्ही तिच्यात रोज ओततो. वाळूच्या कणांतून वाफ निघून जाते, प्लॅस्टरच्या आवरणातून ती जात नाही, हे मला तीस वर्षांत कधी शिकावं लागलं नव्हतं. कोटाच्या पाठीचा तुकडा ओतला आणि धातू तोंडाशी उकळून परत वर आला. भाच्याच्या गमबुटावर दोन थेंब पडले, रबर जळून भोकं झाली. पाय वाचला तो नशिबानं. आवरण फोडलं तर पाठीवर तळहाताएवढी भोकाभोकांची जाळी.

इथं मला दगड आणि धातू यांतला फरक कळला. जाळी झालेला भाग कापून काढला, तेवढंच मेण पुन्हा केलं, ते ओतलं, आर्गन वेल्डिंगनं बसवलं, वरून छन्नीनं चेझिंग, म्हणजे सफाई, केली. पाच दिवस आणि थोडा धातू गेला. आज तो जोड मी स्वतः हात फिरवूनही ओळखू शकत नाही. त्या पाठीबद्दल कोणी भंगलेली असं म्हटलं नाही, कारण कोणाला सांगितलंच नाही. आता सांगतोय.

धातू थंड होताना आकसतो, ब्राँझ साधारण दीड टक्का. ६ फुटांवर तो एक इंच होतो. आप्पांनी माती बरोबर ६ फुटांची केली होती, कारण दगडात तेवढीच करतात. कोटेशनमधल्या उंचीवरून नंतर समितीत जो वाद झाला तो या इंचाचा.

छाती

माती चढवताना आप्पांना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर धाप लागायची. खोकला दोन वर्षांचा. एका दवाखान्यात आधी क्षयाची औषधं सुरू झाली होती, थुंकीत जंतू सापडलेले नसताना. वर्षभरानं दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला आणि पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? सिलिकोसिस, दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा रोग. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी.

गावात लगेच ठरलं की काळ्या दगडानं छाती खाल्ली. ते खरं नाही. बेसाल्टमध्ये सिलिका निम्मी असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली. सुटी गार जवळजवळ नसते. ग्रॅनाइटमध्ये पाव ते तृतीयांश भाग सुटी गार. आप्पांची छाती मारुती-नंदींनी नव्हे, ओट्यांनी खाल्ली. बारा-तेरा वर्षं बंद शेडमध्ये कोरड्या ब्लेडनं, तोंडाला टॉवेल बांधून. जी धूळ दिसते ती नाकात अडकते; जी खोलवर जाते ती केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते, आणि टॉवेलातून ती आरपार जाते. झालेली इजा मागं फिरत नाही, आणि अशा छातीला पुढं खरोखरचा क्षय धरण्याचा धोका वाढतो. ब्लेडवर पाण्याची बारीक धार आणि योग्य मास्क, एवढ्यानं बरंच टळलं असतं. ओटा कापताना पाणी सोडलं तर चिखल होतो, गिऱ्हाइकाची फरशी खराब होते, म्हणून कोणी सोडत नाही.

आता शेडमध्ये ब्लेडवर पाण्याची नळी आहे. भाचा वापरतो. आप्पा कधी वापरतात, कधी नाही.

काटा

ऑगस्टच्या शेवटी तुकडे जोडणं चाललं होतं आणि २६ तारखेला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते त्याला. दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन: आपल्याच्या आत काय आहे? पस्तीस फुटांचा पुतळा आणि सहा फुटांचा, यांची तुलना होत नाही. वाऱ्याचा रेटा आणि सांगाड्याचं काम दोन्ही वेगळं. तरी प्रश्न योग्य होता. आप्पा साध्या लोखंडाचा सांगाडा घालणार होते. ब्राँझला लोखंड चिकटलं आणि मधे पाणी आलं की लोखंड झपाट्यानं गंजतं, हे मला माहीत होतं, इथं माझा उपयोग झाला. स्टेनलेस घातलं, तळाला पाणी निथळायला चार भोकं ठेवली, चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये बोल्ट आधीच गाडले. खानापूरच्या पावसात पोकळ पुतळ्यात पाणी जाणारच; ते बाहेर कुठून येणार हे ठरवावं लागतं.

सांगाडा घालायच्या आधी वजन करायचं असा समितीचा आग्रह. गुळाच्या अडतीतून काटा आणला. पृष्ठभाग आणि जाडी धरून मी १७० किलोचा अंदाज दिला होता. भरला १८६. मेण हातानं थापलेलं, काही जागी थर सात मिलिमीटरच्या वर गेला होता. समिती १७५ पर्यंत द्यायला तयार झाली, वरचे ११ किलो आप्पांच्या माथी.

हिशेब असा. मान जाईपर्यंत आप्पांचा खर्च २,१५,००० : दगड ८०,०००, दोघांची मजुरी १,२०,०००, ब्लेड, छन्न्या, वीज १५,०००. त्यांच्या हातात आले होते २,००,०००. पुढं धातू किलोला ७०० पडला, १८६ किलोचे १,३०,२००. मेण, प्लॅस्टर, भट्टी, वेल्डिंग, सांगाडा, मजुरी मिळून १,९०,०००. समितीनं ठरलेल्या बाकीतून दगडाच्या नुकसानीपोटी ५०,००० कापले आणि २,००,००० दिले, शिवाय १७५ किलोचे १,२२,५००. बेरीज-वजाबाकी केली की आप्पांच्या खिशातून १२,७०० गेले. चौदा महिने, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या हाताची मजुरी शून्य धरलेली.

समिती वाईट वागली असं मी म्हणणार नाही. तिलाही साडेचार लाखांच्या जागी ५,२२,५०० पडले, आणि ते दहा-दहा, पन्नास-पन्नास रुपयांनी जमवलेले होते. दोन्ही बाजूंना पाच ओळींचं कोटेशन आणि पावत्या यांशिवाय दुसरा कागद नव्हता, म्हणून जो तो आपापल्या भलेपणाच्या हिशेबानं वाटाघाट करत होता. भलेपणाचा हिशेब नेहमी कमी बोलणाऱ्याच्या अंगावर येतो.

पाटी

चौथऱ्यावरची पाटी मात्र त्याच धोंड्यातून निघाली, गुडघ्याखालचा भाग निर्दोष होता. मराठी आणि कन्नड, शेजारी-शेजारी, अक्षरांची उंची सारखी. कुठली डावीकडं यावर एक बैठक गेली. कन्नड मजकूर तिघांनी तपासला, शाळेच्या संस्थेतल्या कन्नडच्या शिक्षकांनी दोनदा. मराठी कोणीच तपासला नाही, आपलीच भाषा म्हणून. पाटी बसल्यावर दिसलं: 'मुख्यध्यापक'. काना राहिलेला. 'ख्य' आणि 'ध्या' यांच्या मधे जागा कमी होती; आप्पांनी भर जानेवारीच्या उन्हात तिथंच बसून एक बारीक काना घातला. नीट बघितलं तर तो बाकीच्यांपेक्षा बारीक आहे. गॅदरिंगच्या दिवशी पुतळ्यावरचं कापड निघालं.

उरलेला धोंडा, डोकं-खांद्यासकट, शेडपुढच्या चिंचेखाली पडून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावायला सुरुवात केली आहे. आप्पा पुसत नाहीत.

नव्या कोटेशनची ओळ आम्ही दोघांनी बसून लिहिली: 'दगडात उपजत शीर अथवा चीर आढळल्यास ढोबळ कापणीपर्यंतचं नुकसान शिल्पकाराचं, त्यानंतरचं उभयतांचं निम्मं-निम्मं, ढोबळ कापणी झाल्यावर दगड उभयतांनी पाहून सही करायची.' भाच्यानं शंभर पानांचं पॅड छापून आणलं. पहिलं कोटेशन नंदीचं होतं. देवस्थानच्या पंचांनी ते मोठ्यानं वाचलं. "आप्पा, नंदी बसायच्या आधीच फुटायचं लिवून घेताय व्हय?" म्हणाले, आणि दुसऱ्या शेडवर गेले. दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचार करून सांगतो म्हटलं. तिसरं कोटेशन सही होऊन परत आलंय, उंबराखालच्या साडेतीन फुटी दत्ताचं. भाचा म्हणतो, पुढच्या पॅडात ती ओळ बारीक अक्षरात घालू या. आप्पा म्हणाले, आधी हे पॅड संपू दे.